आधी वही, मग गाडी

आमच्या घरात माणसं पाच आणि दुचाकी गाड्या तीन. सासऱ्यांची सायकल वेगळीच. मी बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते. म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या डिझेलच्या पावत्या लावायच्या, टेम्पोचं रीडिंग तपासायचं आणि ड्रायव्हरला विचारायचं, "अण्णा, हे दहा लिटर कुठं गेलं?" पण आपल्याच दारातल्या तीन गाड्या महिन्याला किती पितात, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

विषय निघाला तो आमच्या ह्यांच्यामुळं. ह्यांना इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची होती. "धूर नाही, पेट्रोल नाही, पर्यावरणालापण चांगली," हे रोज ताटावर बसलं की सुरू. ह्यांचं काम शिनोळीला, सीमेपलीकडं महाराष्ट्रात. कर्नाटकातल्या आमच्या उचगावातून सहा किलोमीटर. मी म्हटलं, घेऊ की. पण लाखभर रुपये घालायच्या आधी एक महिना मला वही भरू द्या. चांगली म्हणजे किती चांगली, आणि आपल्या घरात ती कुणाच्या हातात चांगली, ते कळू दे.

ती वही कशी भरायची आणि तिच्यातून काय काढायचं ते सांगते. गणित चौथी-पाचवीचं आहे. चिकाटी मात्र लागते.

शंभर पानी वही पुरे. मोबाइलवर यासाठी ॲप मिळतात, पण आमच्यातली दोघं ॲपला हात लावत नाहीत आणि नेमकं त्यांचंच हिंडणं कुणाच्या लक्षात येत नाही. वही दारामागं खिळ्याला अडकवली, पेन दोरीनं बांधलं. घरात आलं की आधी ओळ लिहायची, मग हातपाय धुवायचे. रात्री निवांत आठवून लिहू म्हटलं की संपलं. "फाट्यावर जाऊन आलो" असल्या फेऱ्या रात्रीपर्यंत कुणाच्याही डोक्यात राहत नाहीत, आणि महिनाअखेरीला त्यांचीच बेरीज डोळे फिरवते.

रकाने असे पाडले: कोण, कुठून कुठं, कशानं, किलोमीटर, गाडीत माणसं किती, दारातून दारापर्यंत मिनिटं, खिशातून गेलेले पैसे. शेवटचा रकाना जरा रुंद, त्याच्या डोक्यावर नुसतं "का". आमचं पहिल्या मंगळवारचं पान हे बघा:

मी. घर ते उद्यमबाग. स्कूटर. १८. एक. ४५ मिनिटं. का: काम.
चिरंजीव. घर ते टिळकवाडी. मोटारसायकल. १४. एक. ३५ मिनिटं. का: कॉलेज.
हे. घर ते शिनोळी. मोटारसायकल. ६. एक. १५ मिनिटं. का: काम.
सासूबाई. घर ते हिंडलगा. वडाप (शेअर गाडी). ७. नऊ. ३० मिनिटं. का: डोळ्यात घालायचे थेंब.
चिरंजीव. फाट्यावर जाऊन परत. मोटारसायकल. ४. एक. का: कोथिंबीर.
चिरंजीव. परत फाटा. ४. एक. का: लिंबू राहिलं.

त्या पानात आमची सगळी गोष्ट आहे. पण ती मला दिसायला तीन आठवडे लागले, कारण मी आकड्यांकडं बघत होते आणि ओळींकडं नाही. तिकडं येतेच.

आता गाडीचं खरं ॲव्हरेज. शोरूमवाल्यानं सांगितलेला आकडा विसरायचा. तो सपाट जागेवरचा, एका माणसाचा, बेताच्या वेगाचा असतो. आमचा रस्ता म्हणजे फाट्यापासून वेंगुर्ला रोड, सुळगा, हिंडलगा, कॅम्प, आणि पुढं बेळगावातली रेल्वे गेटं. मंगळवार-शुक्रवारी मळेकरणी देवीला येणाऱ्यांची गर्दी वेगळी. हिशेब असा करायचा: गाडी मेन स्टँडवर उभी करायची, पंपाची नळी पहिल्यांदा "टक्" करून थांबेपर्यंत टाकी भरायची, मीटरवरचा आकडा वहीत. मग रोजच्यासारखं हिंडायचं. आठवड्यानं त्याच पंपावर, त्याच नळीनं, पुन्हा "टक्" होईपर्यंत भरायचं. जेवढं पेट्रोल बसलं तेवढं आपण जाळलं. माझी स्कूटर २१४ किलोमीटरला ५.१ लिटर प्याली, म्हणजे लिटरला बेचाळीस. हे दोनदा करा. एकदाचं माप फसवतं. त्याआधी चाकातली हवा बघून घ्या. मऊ टायरवर ॲव्हरेज हळूहळू उतरत जातं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

इथं आमच्या सीमेवरचा एक खास रोग सांगायला पाहिजे. दोन राज्यांच्या दरात रुपया-दोन रुपयांचा फरक पडला की टाकी भरायला पलीकडं पळायचं. पाच लिटरमागं फार तर दहा रुपये वाचतात. त्यासाठी सहा किलोमीटर जाऊन सहा किलोमीटर परत, म्हणजे पाव लिटरच्या वर पेट्रोल. वाटेवरच पंप असेल तर जरूर भरा. मुद्दाम जाणाऱ्यानं आधी भागाकार करावा.

लिटर कळले की धूर कळतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलचा २.७ किलो. हे मी घरात सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, "खोटं आहे. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, त्यातून सव्वादोन किलो कसं निघतंय? आपल्या म्हशीलापण एवढं जमत नाही." शंका रास्त आहे. उत्तर असं की, पेट्रोलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. बारा भाग कार्बनला बत्तीस भाग ऑक्सिजन चिकटतो आणि चव्वेचाळीस होतात. जास्तीचं वजन हवेचं.

म्हणजे माझी स्कूटर किलोमीटरला २३०० भागिले ४२, पंचावन्न ग्रॅम सोडते. पीयूसीचा कागद हे मोजत नाही हे लक्षात ठेवा. तिथं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, म्हणजे शेजाऱ्याच्या नाकाला होणारा त्रास. तोही मोजायलाच पाहिजे, पण तो हिशेब निराळा. पीयूसी पास झालेली गाडीसुद्धा पंचावन्न ग्रॅम सोडतेच.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सगळे विसरतात. आलेल्या आकड्याला माणसांनी भागायचं. पंधराचं ॲव्हरेज देणारी पेट्रोल कार किलोमीटरला दीडशे ग्रॅमच्या वर सोडते. एकटा बसला तर दीडशे त्याच्या एकट्याच्या नावावर. चौघं बसले तर प्रत्येकी अडतीस, माझ्या एकटीच्या स्कूटरपेक्षा कमी. कारवाल्याला उगाच नावं ठेवायची आणि स्वतः तीन गाड्यांवर तिघं वेगवेगळं जायचं, हे आमच्याच घरात चाललं होतं.

बसचं गणित करायला मी आमच्या गावच्या बसच्या ड्रायव्हरलाच विचारलं. "अण्णा, गाडी किती देत्या?" त्यांनी आधी माझ्याकडं, मग कंडक्टरकडं बघितलं. "तुम्ही काय ऑडिटच्या?" मी म्हटलं, ऑडिटचीच, पण घरच्या. "मग पाच धरा. घाटात कमी." पाचला २.७ किलो, म्हणजे किलोमीटरला ५४० ग्रॅम. आकडा मोठा दिसतो. पण सकाळची बस तुम्ही बघितलेली नाही. बसलेले, उभे, दारात लोंबणारे धरून साठ तरी डोकी. ५४० भागिले ६० म्हणजे नऊ ग्रॅम. दुपारी दीड वाजता त्याच बसमध्ये मी एकदा मोजली तर आठ माणसं, एक कोंबडीची पाटी. माणशी सदुसष्ट ग्रॅम, माझ्या स्कूटरपेक्षा जास्त!

मग दुपारी स्कूटर बरी का? इथं मी चार दिवस अडले होते. फाउंड्रीत आम्ही एक प्रश्न नेहमी विचारतो: ह्या एका नगामुळं खर्च वाढला किती? भट्टी पेटलेलीच आहे, त्यात एक साचा जास्त ओतला तर कोळसा कितीसा वाढणार? बसचं तसंच आहे. ती दीडची बस मी बसले तरी जाणार, नाही बसले तरी जाणार. माझ्या पन्नास-पंचावन्न किलोंनी तिचं डिझेल थेंबभर वाढेल. स्कूटर काढली तर मात्र पंचावन्न ग्रॅम नवे. म्हणून जी बस निघणारच आहे तिच्यात बसणं जवळजवळ फुकटात पडतं. शिवाय दुपारी कुणीच बसलं नाही तर एक दिवस ती फेरी बंद होते आणि मग सासूबाईंना हिंडलग्याला जायला वडापची वाट बघत तासभर फाट्यावर उभं राहावं लागतं. रिकामी बस भरायला आपण लागतो. हा मुद्दा कुठल्या आकड्यात बसत नाही, पण मी तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय.

रिक्षाचं उलटं. बेळगावातून उचगावापर्यंत रिक्षा केली तर ती बारा किलोमीटर येते आणि बारा रिकामी परत जाते. तुमच्या नावावर चोवीस लिहायचे. परतीचं भाडं मिळालं तर त्याचं नशीब.

फुकटावरून आठवलं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे. राज्याच्या हद्दीत साध्या बसला बायकांना तिकीट लागत नाही. कंडक्टर शून्याचं तिकीट हातात देतो. महाराष्ट्रात एसटीला त्याच वर्षी मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं. दोन्ही सवलती आपापल्या हद्दीपुरत्या, त्यामुळं आम्हा सीमेवरच्या बायकांना कुठला प्रवास कुठपर्यंत फुकट, कुठून अर्धा आणि कुठं पुरा, हे तोंडपाठ असतं. पण वहीत शून्य रुपये आले म्हणून धूर शून्य होत नाही. तो रकाना वेगळा भरायचा. माझ्या स्वतःच्या तीन शनिवारच्या फेऱ्या अशा निघाल्या की "का"मध्ये "सहज" असं लिहिलंय. त्यातल्या दोन नसत्या झाल्या तरी चाललं असतं. तिसऱ्या फेरीत मात्र सासूबाईंना घेऊन खानापूरला त्यांच्या बहिणीकडं गेले होते. दोन वर्षांनी दोघी भेटल्या, डोळे पुसत बसल्या. ती ओळ लाल शाईनं मारायची माझी छाती नाही. हिंडणं हे पाप आहे असं समजून वही भरायला घेतली तर चौथ्या दिवशी घरातले लोक खोटं लिहायला लागतील.

आता त्या पहिल्या पानाकडं परत या. पहिल्या दोन ओळी बघा. मी घर ते उद्यमबाग, चिरंजीव घर ते टिळकवाडी. मी सव्वाआठला निघते, तो साडेआठला. अठरातले चौदा किलोमीटर रस्ता एकच. गेलं दीड वर्ष आम्ही मायलेक पंधरा मिनिटांच्या अंतरानं एकाच रस्त्यावरून दोन गाड्यांवर, मागची सीट रिकामी ठेवून चाललो होतो! बावीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या बाईच्या नजरेतून हे सुटलं. टेम्पोवाल्यानं असं केलं असतं तर मी त्याची पावती अडवली असती.

चिरंजीवांना सांगितलं, उद्यापासून माझ्या मागं. आधी तोंड वाकडं. आईच्या मागं बसून कॉलेजला जायचं म्हणजे काय ते त्याच्या मित्रांना विचारा. मग वाटाघाट झाली: मी त्याला कॉलेजच्या दारात सोडायचं नाही, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडंच उतरवायचं. येताना तो बसनं येणार, विद्यार्थी पास काढून. शनिवारी मोटारसायकल त्याची. एवढ्यावर तह झाला.

ह्याचं फळ काय ते बघा. त्याची गाडी लिटरला पन्नास देते. रोजचे अठ्ठावीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे चौदा लिटर. चौदाशे रुपयांच्या वर पैसे आणि बत्तीस किलो कार्बन डायऑक्साइड. परतीच्या बसचे त्याच्या वाट्याचे चारेक किलो वजा केले, त्याच्या वजनानं माझं ॲव्हरेज एक-दोननं उतरलं त्याचा एखादा किलो काढला, तरी सत्तावीस-अठ्ठावीस किलो उरतात. शनिवार त्याचा, म्हणून अजून थोडे कमी धरा. हे एक रुपया न घालता.

हा आकडा बाजूला लिहून ठेवला आणि मग ह्यांची इलेक्ट्रिक स्कूटर हिशेबाला घेतली.

विजेची गाडी धूर सोडत नाही हे खरं, पण वीज कुठूनतरी येते. आपल्या देशाच्या विजेमागं सरासरीनं युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. "आपल्याकडं तर जलविद्युत आणि पवनचक्क्या," असं ह्यांचं म्हणणं. बरोबर आहे, पण ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं. तेव्हापासून सगळं पाणी एकाच तळ्यातलं. आपल्या पवनचक्कीची वीज आणि लांबच्या कोळशाची वीज तारेत वेगळी ओळखता येत नाही, म्हणून सरासरीच धरायची. स्कूटर शंभर किलोमीटरला भिंतीतल्या सॉकेटपासून मोजून तीनेक युनिट घेते. गाडीच्या पडद्यावरचा आकडा धरू नका. चार्जरमध्ये जी वीज उष्णता होऊन जाते ती तिथं दिसत नाही. तीन युनिट म्हणजे २.१ किलो, किलोमीटरला एकवीस ग्रॅम. पंचावन्नच्या जागी एकवीस. फायदा आहेच, शंका नाही.

पण बॅटरी बनवतानाच कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. क्षमतेच्या दर युनिटमागं साधारण ६० ते १०० किलो. तीन युनिटची बॅटरी, मधला आकडा ऐंशी धरला, तर २४० किलो. गाडी दारात येते तीच हे कर्ज घेऊन येते. ते फिटणार कधी? ह्यांची मोटारसायकल लिटरला पंचावन्न देते, म्हणजे बेचाळीस ग्रॅम. विजेवर गेले तर किलोमीटरला एकवीस ग्रॅम वाचणार. २४० किलो फिटायला अकरा हजारांच्या वर किलोमीटर. आणि हे हिंडतात किती? रोज बारा, महिन्याला तीनशे. तीन वर्षं नुसतं व्याज-मुद्दल फेडण्यात! माझी स्कूटर रोज छत्तीस, महिन्याला नऊशे किलोमीटर चालते आणि माझे वाचणार चौतीस ग्रॅम. माझं कर्ज आठ महिन्यांच्या आत फिटतं.

म्हणजे विजेची गाडी घ्यायचीच तर ती माझ्या हातात. हे वाचून दाखवलं तेव्हा ह्यांनी वही हातात घेऊन दोनदा गुणाकार करून बघितला. गुणाकार बरोबर होता.

आणखी एक, आमच्या बाजूच्या लोकांसाठी. कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेमुळं घरची वीज फुकट आहे म्हणून स्कूटरही फुकट चालेल, असं धरू नका. घराचा कोटा आधीच्या वापराच्या सरासरीवर ठरलेला आहे. महिन्याला नऊशे किलोमीटर म्हणजे सत्तावीस युनिट वाढणार. कोट्याच्या वर गेलात की वरचं बिल येतं, आणि दोनशेच्या वर गेलात की सगळंच बिल तुमचं. आधी वर्षभराची बिलं काढा, मग शोरूममध्ये जा. तरीही पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडेल, फक्त हातात आलेलं बिल बघून घरात भांडण नको.

माझी स्कूटर विजेवर गेली तर महिन्याला वाचतील साधारण तीस किलो. मुलगा मागं बसला त्यानं वाचले सत्तावीस-अठ्ठावीस. एकीकडं लाखभर रुपये, दुसरीकडं तिसऱ्या गेटाच्या अलीकडं दोन मिनिटं ब्रेक. म्हणून माझा सल्ला असा की, गाडी कुठली हा प्रश्न शेवटी घ्यावा. आधी कुठली रिकामी सीट भरता येईल ते बघा, मग कुठल्या दोन फेऱ्यांची एक होईल ते, मग बस, मग सायकल, आणि एवढं करून जी धाव उरते तिच्यासाठी गाडी. आम्ही ठरवलंय, माझ्या स्कूटरचं इंजिन काम मागेल तेव्हा विजेची घ्यायची. चांगली चालणारी गाडी काढून टाकली तर ती काही नाहीशी होत नाही, दुसऱ्याच्या दारात जाऊन तेवढाच धूर सोडते.

लिंबू-कोथिंबिरीच्या फेऱ्यांना एक वेगळा इलाज केला. वहीशेजारी पाटी लावली. ज्याला जे हवं ते पाटीवर, आणि जो बाहेरून येतोय तो ते घेऊन येतो. पहिल्या महिन्यात फाट्याच्या एकशे आठ किलोमीटर फेऱ्या होत्या, दुसऱ्यात तीस. थंड इंजिन जास्त पितं, त्यामुळं ह्या छोट्या फेऱ्या दिसतात त्यापेक्षा महाग असतात.

लांबच्या प्रवासाला हेच गणित, फक्त अंतर नीट बघायचं. रेल्वे म्हणजे आपोआप चांगली, असं मी समजत होते. मिरजेला दवाखान्यात जायचं असेल तर खरंच रेल्वेसारखं काही नाही. सुळेभावी, घटप्रभा, रायबाग, कुडची करत सरळ मिरज, पेशंटला पाय पसरता येतात. पण कोल्हापूरला जायला तीच रेल्वे मिरजेला वळसा घालते आणि रस्त्याच्या एकशे दहाला कितीतरी जास्त किलोमीटर होतात. कोल्हापूरच्या लग्नाला आम्ही पाच जण भावोजींच्या कारमधून गेलो. जाऊन-येऊन २२० किलोमीटर, लिटरला सोळा, म्हणजे पावणेचौदा लिटर आणि साडेएकतीस किलो, माणशी सव्वासहा. भरलेल्या बसनं माणशी अडीच-पावणेतीन किलो झाले असते. दुपटीच्या वर, खरं आहे. पण पाच माणसं, दोन आहेराच्या पिशव्या आणि रात्री अकराला निपाणीच्या पुढं असताना झोपलेल्या सासूबाई. ती कार मी पुन्हा घेईन. एकटी गेले असते तर मात्र कार म्हणजे बसच्या बारापट. तेव्हा एसटीच.

मिनिटांचा रकाना म्हणूनच ठेवलाय. बसनं मला उद्यमबाग गाठायला सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मोठ्या बसस्टँडवर, गाडी बदलून दीड तास लागतो, स्कूटरनं पाऊण. रोज दीड तास माझ्या स्वयंपाकातून आणि झोपेतून जाणार, आणि तो फक्त बायकांच्याच झोपेतून का जातो, हाही प्रश्न आहे. म्हणून मी रोज बस घेत नाही. महिनाअखेरीला कारखान्यातून सुटायला रात्री साडेनऊ होतात. त्या दिवशी स्कूटर, आणि त्याबद्दल मनाला खात बसायचं नाही. कारखान्याच्या दुसऱ्या पाळीच्या पोरी तर रात्री फाट्यावर उतरून अंधारात दोन किलोमीटर चालणार कशा? त्यांना एकत्र सोडणारी गाडी मागायची. ते मागताना मात्र वही कामाला येते: आमच्या खात्यातल्या सात जणी एकाच रस्त्यावरच्या निघाल्या, हे कागदावर दाखवलं तेव्हा साहेबांनी ऐकून घेतलं. आता महिन्याअखेरीला टेम्पो ट्रॅव्हलर येतो.

बसवरच्या पाट्या कन्नडमध्ये असतात आणि आमच्यातल्या पुष्कळांना वाचता येत नाहीत, म्हणून बस टाळणारे मी बघितलेत. एक सोपा उपाय सांगते. आपल्या गावाची पाटी लावलेली बस उभी दिसली की मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रोज बघून चार दिवसांत त्या अक्षरांचा आकार डोळ्यात बसतो. आमच्या सासूबाई निरक्षर आहेत, पण उचगावची पाटी लांबून ओळखतात.

सायकलचं थोडक्यात. गावापासून फाट्यापर्यंत, फाट्यावर ओळखीच्या दुकानात कुलूप लावून ठेवायची आणि पुढं बस. हायवेवर मात्र अंधारात नको. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागचा दिवा न लावता जातात आणि सायकलवाल्याला कुणी बघत नाही.

वही एका महिन्यावर थांबवू नका, पावसाळ्याचं पान वेगळं भरा. आमच्याकडचा पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर दोन रेनकोट, तीन चपला आणि बदललेले सगळे बेत. जुलैत चिरंजीव दोन्ही वेळा बसनं गेला, मी आठ दिवस बसनं गेले, आणि ह्यांनी शिनोळीला शेजाऱ्याच्या कारमध्ये पेट्रोलचे पैसे वाटून जागा मिळवली. ऑगस्टची बेरीज काल लावायला बसले तर सासऱ्यांच्या नावापुढं सलग नऊ दिवस एकच ओळ: सायकल, फाट्यावर जाऊन परत, ४, एक. आणि "का"च्या रुंद रकान्यात नुसतं "चहा". डॉक्टरांनी त्यांचा चहा बंद केलाय. धुराच्या रकान्यात शून्य येत होतं, म्हणून मी काही बोलले नाही.